ओडेनवाल्ड : सहाशे मीटर उंचीच्या डोंगरात पाहण्यासारखं काय आहे?

कातळवेडा

जर्मनीतल्या डोंगरांवर आपल्याकडे जे लिहिलं जातं ते बहुतेक आल्प्सवर, फार तर ब्लॅक फॉरेस्टवर. ओडेनवाल्डचं नाव कुणी घेत नाही. फ्रँकफर्ट, दार्मश्टाट, मानहाइम, हायडेलबर्ग या पट्ट्यात मराठी माणसं पुष्कळ आहेत, रोज खिडकीतून हा डोंगर बघतात, आणि तरी 'ते मागचं जंगल' एवढीच त्याची ओळख राहते. म्हणून हा धागा.

आधी जागा. पश्चिमेला ऱ्हाइनचं सपाट खोरं, ईशान्येला माइन नदी आणि तिच्यापलीकडे श्पेसार्टचा डोंगर, उत्तरेला दार्मश्टाट. दक्षिणेकडे नेकार नदी डोंगर चिरत हायडेलबर्गला बाहेर पडते. हेसन, बायर्न आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या तीन राज्यांत डोंगर वाटला गेलाय. सगळ्यात उंच माथा काट्सेनबुकेल, 626 मीटर. हेसनच्या हद्दीतला उंच माथा नॉयनकिर्शर होहे, 605 मीटर. सह्याद्री चढणाऱ्याला हे आकडे किरकोळ वाटतील, पण उंचीवरून या डोंगराची किंमत करू नये असं मला मनापासून वाटतं. तो इतका झिजलाय म्हणूनच त्याचं पोट उघडं पडलंय.

सुमारे 34 ते 32 कोटी वर्षांपूर्वी दोन मोठी भूखंडं एकमेकांवर आदळली आणि मध्य युरोपात एक प्रचंड पर्वतरांग उभी राहिली. तिच्या मुळाशी, जमिनीखाली काही किलोमीटरवर, शिलारस थंड होत गेला आणि ग्रॅनाइट, डायोराइट, गॅब्रो हे खडक तयार झाले. शेजारच्या जुन्या खडकांचे भाजून-दाबून नाइस, म्हणजे पट्टेदार रूपांतरित खडक, झाले. पुढे ती रांग पार झिजली. झिजलेल्या सपाटीवर सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वी, रुक्ष हवामानात, नद्यांनी लाल वाळूचे थर आणून टाकले. हा तिथला लाल वालुकाश्म. त्यावर उथळ समुद्र आला आणि चुनखडीचे थर बसले, नंतर ज्युरासिक काळातल्या समुद्राचा गाळ.

आणि मग, साधारण पाच कोटी वर्षांपूर्वी, जमीन ताणली जाऊन मधला पट्टा खचू लागला. ही ऱ्हाइनची खचदरी. बाझेलपासून फ्रँकफर्टपर्यंत सुमारे 300 किलोमीटर लांब आणि 35-40 किलोमीटर रुंद. मधला भाग खाली गेला, दोन्ही कडा वर उचलल्या गेल्या. पूर्वेची कड म्हणजे ब्लॅक फॉरेस्ट आणि ओडेनवाल्ड, पश्चिमेची म्हणजे व्होज आणि फाल्झरवाल्ड. दोन्हीकडे तोच लाल वालुकाश्म सापडतो आणि मधल्या मैदानाखालीही तोच आहे, फक्त हजारो मीटर खोल गाडलेला.

आता खरी गोष्ट. ओडेनवाल्डची कड खचदरीलगत, म्हणजे पश्चिमेला, जास्त उचलली गेली आणि सगळा ठोकळा पूर्वेकडे कलला. जास्त उचललेल्या भागावरचं वालुकाश्माचं आवरण पाण्याने धुऊन नेलं आणि खालची जुनी मुळं वर आली. पूर्वेला आवरण टिकलं. त्यामुळे एका नावाखाली दोन डोंगर आहेत. पश्चिमेचा ग्रॅनाइट-डायोराइटचा, पूर्वेचा लाल वालुकाश्माचा. सीमा चालता चालता कळते, त्यासाठी नकाशा लागत नाही.

पश्चिमेला लहान लहान गोल टेकड्या आहेत, प्रत्येकीचा उतार वेगळ्या दिशेला. मध्ये शेतं, कुरणं, सफरचंदाच्या बागा, दाट वस्तीची गावं. जंगल टेकडीच्या डोक्यावर, तुकड्या-तुकड्यांनी. वेश्निट्झ आणि गेर्श्प्रेन्झ या नद्यांची खोरी इथे ऐसपैस आहेत, कारण ग्रॅनाइट कुजून त्याचा मुरूम होतो आणि नदीला तो सहज उचलता येतो. पूर्वेला गेलात की डोंगरमाथे लांबच लांब, सपाट. दऱ्या अरुंद आणि कडा सरळ. आणि जंगल तुटतच नाही. वालुकाश्मावरची माती वाळूची, आम्लधर्मी, चुना नसलेली. पाणी झिरपून जातं, धान्य जेमतेम येतं. माणूस तिथे उशिरा गेला. गेला तेव्हाही ओढ्याच्या काठाने एका ओळीत घरं बांधली आणि प्रत्येक घराला मागे जंगलापर्यंत जाणारी जमिनीची एक लांब पट्टी मिळाली. अशी गावं आजही ओळखता येतात.

माझं म्हणणं एवढंच, की इथली शेती, गावाचा आकार, जंगलाची सलगता हे सगळं पायाखालच्या खडकावरून ठरलं आहे. दोन तासांच्या पायपिटीत हे इतक्या स्वच्छपणे दिसतं अशा जागा थोड्या. कुणी फिरला असाल तर लिहा.

सावळी_नदी

वा, मनापासून आवडलं. मी बेन्सहाइमला राहते, डोंगराच्या अगदी पायाशी. तुम्ही पायथ्याच्या पट्ट्याबद्दल फार लिहिलं नाही, म्हणून मी भर घालते.

दार्मश्टाटपासून हायडेलबर्गच्याही पुढे जाणारा हा पायथा म्हणजे बेर्गश्ट्रासे. जर्मनीत वसंत सगळ्यात आधी जिथे येतो अशा मोजक्या जागांपैकी ही एक. मार्चमध्ये, कधी त्याआधीही, बदामाची झाडं फुलतात, तेव्हा वर नॉयनकिर्शर होहेला बर्फ असू शकतो. कारण साधं आहे : उतार पश्चिमेला तोंड करून आहेत, दुपारचं ऊन पुरेपूर मिळतं, आणि पूर्वेकडून येणारा बोचरा वारा डोंगर अडवतो. शिवाय इथली माती लोएसची. हिमयुगात ऱ्हाइनच्या उघड्या मैदानावरची बारीक धूळ वाऱ्याने उडून या उतारांवर साचली. भुसभुशीत, पाणी धरणारी, चुना असलेली. द्राक्षांना आणखी काय हवं?

पश्चिमेकडून येणारे ढग मात्र वर चढतात आणि डोंगरावर रिकामे होतात. मैदानापेक्षा माथ्यावर पाऊस स्पष्टपणे जास्त. आमच्याकडे कोरडं असताना वर धुकं आणि भुरभुर, हे नेहमीचं.

पुणेकर_भूशास्त्र

लेख उत्तम. एक प्रश्न आणि एक भर.

प्रश्न : काट्सेनबुकेल तुम्ही फक्त उंचीपुरता उल्लेखलात. तो तर ज्वालामुखीचा अवशेष आहे ना?

भर : हिमयुगात ओडेनवाल्डवर हिमनद्या नव्हत्या. उत्तरेकडचं हिमावरण आणि आल्प्समधल्या हिमनद्या, दोन्ही दूर राहिल्या. पण जमीन खोलवर गोठलेली होती. उन्हाळ्यात वरचा थर वितळायचा आणि चिखल होऊन उतारावरून हळूहळू सरकायचा, सोबत धोंडेही घेऊन. त्या डोंगरातल्या दगडांच्या राशी समजून घ्यायच्या तर हे ध्यानात ठेवावं लागतं.

कातळवेडा

@पुणेकर_भूशास्त्र, काट्सेनबुकेल मुद्दाम मागे ठेवला होता, त्याला जागा लागते.

हो, तो ज्वालामुखीच. वय साधारण सहा-सात कोटी वर्षं, म्हणजे आपल्या दख्खनच्या बसाल्टच्या आसपासचा काळ. कार्यकारण संबंध काही नाही, आणि खडकही वेगळा. सिलिका कमी, सोडियम-पोटॅशियम जास्त, नेफेलीन हे खनिज असलेला. आज दिसतो तो ज्वालामुखीचा शंकू नव्हे. शंकू कधीच झिजून गेला, त्याच्या नळीत गोठलेला टणक खडक तेवढा उभा राहिला आणि भोवतालचा मऊ वालुकाश्म खाली गेला. माथ्यावर लाल दगडाचा मनोरा आहे, जवळच्या जुन्या खाणीत पाणी साचून तळं झालंय.

पण मला थक्क करणारी गोष्ट वेगळी आहे. त्या नळीतल्या खडकात ज्युरासिक काळातल्या थरांचे तुकडे अडकलेले सापडले. आज आजूबाजूला त्या थरांचा मागमूस नाही. म्हणजे स्फोट झाला तेव्हा वालुकाश्माच्या वर चुनखडी आणि तिच्याही वर ज्युरासिक गाळ असा सगळा साठा होता. वरचे तुकडे नळीत पडले आणि तिथे जपले गेले, बाकीचे शेकडो मीटर थर नंतर वाहून गेले. डोंगरावरून किती जाडीचा दगड नाहीसा झाला याचा इतका थेट पुरावा हातात मिळणं दुर्मिळ आहे.

दुसरा सुळका उत्तरेला ऑट्सबेर्ग, 367 मीटर, हा मात्र बसाल्टचा. वयाने बराच लहान. वर जुना किल्ला आहे आणि खडकाचे खांब नीट दिसतात, आपल्याकडे पन्हाळ्याजवळ मसाईच्या पठाराच्या कड्यांना दिसावेत तसे.

रानफूल

फेल्सेनमेअरचं कुणीच काही बोललं नाही! लाउटरटालमधल्या रायशेनबाख गावाजवळ, फेल्सबेर्गच्या (514 मीटर) उतारावर, दगडांचा अक्षरशः लोट आहे. मोठमोठे गोलसर राखाडी धोंडे, एकावर एक, जंगलातून खालपर्यंत. मुलं दिवसभर त्यावरून उड्या मारत चढतात. पाहिल्यावर मला वाटलं, हे कुणी रचलं तर नाही ना? कसं झालं हे कुणी सोप्या भाषेत सांगेल का?

पुणेकर_भूशास्त्र

@रानफूल, प्रयत्न करतो.

तो खडक क्वार्ट्झ-डायोराइट. खोल जमिनीत थंड होताना आणि नंतर वरचं ओझं कमी होताना त्याला आडव्या-उभ्या भेगा पडल्या, साधारण चौकोनी ठोकळे झाले. पुढे उष्ण-दमट हवामान होतं तेव्हा पाणी या भेगांतून आत शिरलं. ठोकळ्याच्या कोपऱ्यावर तीन बाजूंनी हल्ला होतो, कडेवर दोन बाजूंनी, पृष्ठभागावर एकाच. म्हणून कोपरे सगळ्यात आधी कुजतात आणि जमिनीखालीच ठोकळा गोल होतो. भोवती मुरूम, आत टणक गोळा. नंतर हिमयुगातल्या त्या सरकत्या चिखलाने आणि पाण्याने मुरूम निघून गेला, गोळे उघडे पडले आणि उतारावरून घसरत दरीत जमले.

आपल्याकडे देगलूर-बिलोलीच्या बाजूला ग्रॅनाइटचे असेच गोल धोंडे दिसतात. हंपीलाही मूळ प्रक्रिया हीच. फरक हिमयुगाच्या शेवटच्या हाताचा.

दगडफोड्याचा_नातू

माझे आजोबा खाणीवर पाथरवट होते, त्यामुळे फेल्सेनमेअरला मी धोंड्यांपेक्षा छिन्नीच्या खुणा जास्त बघितल्या.

रोमन लोकांनी तिथे दगड काढला. अर्धवट सोडलेली शेकडो कामं अजून जागेवर आहेत. एक खांब नऊ मीटरहून लांब आहे, वजन 27 टनांच्या आसपास. घडवून तयार केला आणि तिथेच राहिला. शेजारी 'वेदीचा दगड' म्हणतात त्यात करवतीचे काप आहेत, सरळ आणि खोल. त्यासाठी पाणी आणि वाळू घालून पातं ओढावं लागतं, तासन् तास. पाचरींसाठी खोदलेल्या खोबण्यांची रांगही ओळखू येते. आमच्याकडे सुताराने नव्हे, पाथरवटानेच पाचर मारायची असा दंडक होता, कारण दगडाची नस त्यालाच कळते. त्या रोमन कारागिराला ती कळत होती, हे खोबण्यांच्या दिशेवरून दिसतं. त्रिअरच्या कॅथेड्रलपाशी याच डोंगरातल्या खांबाचा तुकडा पडलेला आहे, तो चौथ्या शतकातला. रस्ता केवढा लांब, आणि वाहन म्हणजे बैल आणि होडी.

इतिहासाचा_विद्यार्थी

मला मूळ लेखातल्या एका विधानाला हरकत घ्यायची आहे. 'हे सगळं खडकावरून ठरलं' हे जरा जास्त होतं.

पूर्वेकडचं जंगल टिकलं यात मातीचा वाटा आहे, मान्य. पण मालकीचाही आहे. 773 साली फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याने हेपेनहाइमचा मुलूख लोर्शच्या मठाला दिला. कुठे जंगल तोडून गाव वसवायचं हे त्या मठाने ठरवलं. नंतर एर्बाखच्या काउंट घराण्याने मोठी जंगलं शिकारीसाठी राखली. क्रेहबेर्गवर त्यांचं शिकारीचं घर आहे. जिथे हरणं आणि रानडुकरं राखायची तिथे कुळांना नांगर घालू देत नाहीत. हाच वालुकाश्म दुसऱ्या मालकाकडे असता तर आज तिथे जंगल कमी दिसलं असतं.

कातळवेडा

हरकत वजनदार आहे, तरी मी माझ्या बाजूने उभा राहतो. काउंटांनी शिकारीसाठी वालुकाश्मच का राखला, ग्रॅनाइटवरची शेतं का नाही? कारण वालुकाश्मावरून सारा फारसा येणारच नव्हता. चांगली जमीन कुणी हरणांना देत नाही. मालकीने निर्णय घेतला, पण पर्याय खडकाने समोर ठेवले होते.

कोकणची_पोर

दोघांच्या मध्ये तिसरी बाजू. जंगल 'टिकलं' असं म्हणताना ते वापरलं गेलं नाही असं समजू नका.

नेकारच्या बाजूला, हिर्शहॉर्न-एबरबाखकडे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ओकची छाटणीची जंगलं होती. झाड पंधरा-वीस वर्षांचं झालं की वसंतात रस चढल्यावर साल सोलायची आणि चामडं कमावायला विकायची. लाकूड सरपणाला. उरलेला पालापाचोळा तिथेच जाळायचा, राखेत कुट्टू आणि राय ही धान्यं पेरायची, एक-दोन पिकं काढायची, की पुन्हा ओकचे बुंधे फुटायला सोडून द्यायचे. माझ्या आजोळी रायगडात दळी जमिनीवर नाचणी-वरीसाठी हेच करायचे. गरीब मातीतून चार घास काढायचे तर माणूस दोन खंडांत एकाच उपायापाशी पोचला.

परदेशातून स्वस्त टॅनिन (सालीतला चामडं कमावणारा पदार्थ) आणि मग रसायनं आली, सालीला भाव उरला नाही आणि ही पद्धत संपली. पुष्कळ ठिकाणी स्प्रूस आणि पाइन लावले. आज जे 'मूळचं जंगल' म्हणून फोटोत दिसतं त्यातला बराच भाग शे-दीडशे वर्षांपूर्वीची लागवड आहे. इथलं खरं झाड बीच.

सावळी_नदी

@कोकणची_पोर ताई, आणि तेच स्प्रूस आता मरतायत. 2018 ते 2020 हे उन्हाळे कोरडे गेले, झाडं तहानली, राळ कमी झाली आणि साल पोखरणाऱ्या भुंग्याने डाव साधला. वालुकाश्मावर तर पाणी आधीच टिकत नाही. काही उतार पूर्ण उघडे झालेत. जुन्या बीचचे शेंडेही वाळताना दिसतात, ते मला जास्त भिववतं, कारण बीच हा इथलाच. वनखातं आता एकाच जातीऐवजी मिश्र झाडं लावतंय. माझ्या मुलीच्या पिढीला हा डोंगर वेगळ्या रंगाचा दिसेल.

हायडेलबर्गवासी

नदीबद्दल थोडं. डोंगर वर येत होता तेव्हा नेकार आधीपासून वाहत होती आणि उचलल्या जाणाऱ्या दगडात ती खाली खाली कापत राहिली. म्हणून वळणं मैदानातल्या नदीसारखी, पण दरी खोल. नेकारश्टायनाखला त्या वळणावर चार किल्ले एका नजरेत येतात, समोर उंचावर डिल्सबेर्ग.

काही वळणं नदीने नंतर सोडून दिली. त्यातलं एक माउअर गावापाशी, हायडेलबर्गच्या आग्नेयेला. जुन्या वळणात साचलेल्या वाळूच्या खाणीत 21 ऑक्टोबर 1907 रोजी एका कामगाराच्या फावड्याखाली माणसाचा खालचा जबडा आला. ओटो श्योटेनझाक यांनी 1908 मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि होमो हायडेलबर्गेन्सिस हे नाव दिलं. वय सुमारे सहा लाख वर्षं. नदीने वाट बदलली नसती तर ती वाळू, आणि तो जबडा, कधीच वाहून गेला असता.

आपल्या लोकांसाठी आणखी एक नातं. खंडोबा आणि धनगरांवर आयुष्यभर काम केलेले गुंथर सोन्थायमर याच हायडेलबर्गच्या दक्षिण आशिया संस्थेत प्राध्यापक होते.

प्रवासी_आई

सगळं वाचून काढलं. आई-बाबा येत्या वसंतात येणार आहेत. बाबांचे गुडघे दुखतात, फेल्सेनमेअर जमणार नाही. एका दिवसात, फार न चालता, हे 'दोन डोंगर' त्यांना दाखवता येतील का? बाबा भूगोलाचे शिक्षक होते.

कातळवेडा

ताई, हायडेलबर्ग करा. आणि भूगोलाचे शिक्षक असतील तर हा क्रम ठेवा.

फ्रँकफर्टहून बेन्सहाइम, हेपेनहाइम, वाइनहाइमवरून जाणारी गाडी घ्या, डाव्या खिडकीला बसवा. पूर्ण वेळ डावीकडे खचदरीची कड, उजवीकडे खचलेलं मैदान. हायडेलबर्गच्या अलीकडे डोसेनहाइमला डोंगरात मोठ्या खाणींच्या खाचा दिसतील. तो सुमारे 29 कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचा खडक, ऱ्हायोलाइट.

हायडेलबर्गला डोंगरगाडीने किल्ल्यावर चढा. किल्ल्याच्या भिंती लाल वालुकाश्माच्या, हे बाबा लगेच ओळखतील. पण त्यांना खंदकाकडे न्या. तिथे खाली ग्रॅनाइट आहे आणि त्याच्या झिजलेल्या पाठीवर नंतरचे गाळाचे थर बसलेले आहेत. ती सीमारेषा उघडी दिसते. खालचा खडक किलोमीटरभर खोलीत तयार झालेला, वरचा उघड्या जमिनीवर. मधल्या कोट्यवधी वर्षांत अख्खा पर्वत झिजून गेला, ते सगळं त्या एका रेषेत आहे. दोन डोंगर एकमेकांवर बसलेले, एका जागी उभं राहून.

मग पुढच्या गाडीने क्योनिगश्टूलला (567 मीटर) जा. वरचा टप्पा 1907 पासूनचा, लाकडी डब्यांचा. वाटेत ग्रॅनाइट संपून वालुकाश्म सुरू होतो. माथ्यावरून हवा स्वच्छ असेल तर मैदानापलीकडे फाल्झरवाल्ड दिसेल, तीच दुसरी कड.

सावळी_नदी

@प्रवासी_आई, दोन गोष्टी. वसंतात गवतात गोचीड असतात आणि या भागात त्यांच्यापासून मेंदूज्वराचा धोका आहे. लस मिळते, पण ती एकाच डोसची नाही, म्हणून डॉक्टरांना आधीच विचारा. पूर्ण बाह्या, पायमोजे, परतल्यावर अंग तपासणं. आणि मार्चमध्ये येणार असाल तर येताना बेन्सहाइमला उतरा, बदाम फुललेले असतील. स्टेशनवर घ्यायला मी येईन.